पिवळ्या शिडाची दुपार

दि. ४ एप्रिल

वन्सं, नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहितेय. गुडघा कसा आहे? पट्टा बांधता ना? मी बरी आहे. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला. चहा अजून दोघांचा टाकला जातो, आणि दोन्ही कप मीच पिते. पित्त वाढलंय, दुसरं काय होणार.

होडीला गिऱ्हाईक आलं होतं. मी नाही म्हटलं. तुम्हाला राग येईल, माहीत आहे. हे गेले त्या आठवड्यात तुम्ही सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "होडी नसती तर माझा भाऊ असता. हिनंच नेलं त्याला." आज त्या दुपारचं सांगते. मग हवं ते म्हणा.

ते मोठं पिवळं शीड तुम्ही पाहिलंय. वारा पाठीमागून असला की चढवायचं. कापड ओढणीसारखं पातळ. चढवायला सोपं, पण उतरवताना एकानं होडीच्या पुढच्या टोकावर जाऊन त्या फुगलेल्या कापडाशी कुस्ती खेळायची. मग यांचं हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी ती कुस्ती बंद केली. मला वाटलं, चला, आता शीड माळ्यावर जाणार. यांनी गुंडाळी बसवून घेतली!

धक्क्यावरच्या दोरवाल्यानं ती बसवली. पुढच्या टोकाला एक चक्री, आणि तिच्यावरून दोराचा लांबलचक फेरा थेट आपण बसतो तिथपर्यंत आणलेला. तो ओढत राहिलं की शीड वरच्या टोकापासून स्वतःभोवती पीळ घेत येतं आणि त्याची सुरळी होते. जागचं उठायला नको. पहिल्या दिवशी मी घाई केली, तर वरचं गुंडाळलं गेलं आणि मधलं पोट तसंच फुगलेलं. हे म्हणाले, "अगदी ताईच्या रागासारखं. वरून निवळला तरी पोटात शिल्लक असतोच." दोरवालाही हसला. त्यानं मला शिकवलं, शिडाचा खालचा दोर सैल सोडायचा पण पार मोकळा नाही, थोडा ताण ठेवायचा, म्हणजे पीळ घट्ट बसतो.

मग रोज सराव. रोज मीच ओढायचं, हे नुसते बघणार. मी चिडायचे, "मलाच का राबवताय?" तर म्हणायचे, "तुझ्या हाताला सवय होऊ दे."

का, ते मला तेव्हाच कळत होतं, वन्सं. तुम्ही ऑपरेशनसाठी मागे लागला होता. ऑपरेशन होण्यासारखं नव्हतंच. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "ताईला कळू देऊ नकोस. ती माझ्यासमोर हसूच शकणार नाही." मी शब्द दिला आणि पाळला.

त्या दिवशी वारा अगदी हवा तसा होता. यांनी सुकाणू धरलं, मी शीड उलगडलं. ते भरलं तसा यांचा चेहरा उजळला. मग वारा वाढला आणि हे म्हणाले, "गुंडाळ आता." मी सावकाश ओढत गेले. वरून खालपर्यंत एकसारखा पीळ, कुठे सुरकुती नाही. मी ओरडले, "अहो, बघितलंत का!" आणि वळले.

ते मागे टेकले होते. हात सुकाण्यावर, ओठ पांढरे.

मी तीन पावलांवर होते. गुंडाळी नसती तर मी पुढच्या टोकावर कापडात अडकलेली असते आणि ते इथे एकटे गेले असते. मी त्यांचं डोकं छातीशी धरलं. धक्का दिसत होता, पण तिथे पोचेपर्यंत ते राहिले नाहीत. होडी मी एकटीनं आणली. दोर कुणी घेतले, कुणी बांधले, काही आठवत नाही.

एवढंच सांगून पत्र संपवणार होते. दोनदा पेन खाली ठेवलं.

ते शेवटचं बोलले, वन्सं. मी सगळ्यांना सांगितलं की काही बोलले नाहीत. ते खोटं होतं. मी त्यांच्या तोंडाशी वाकले होते, आणि त्यांनी माझ्याकडेच बघून म्हटलं, "ताई, तू धर गं. माझे हात दुखले."

लहानपणी तळ्यात तुम्ही दोघं होडी चालवायचात, हे मी ऐकून आहे. त्यांना तिथेच असल्यासारखं वाटलं असेल. मी म्हटलं, "धरलं हं." तुमच्या नावानं मीच सुकाणू धरलं. त्यांनी लगेच हात सोडला, अगदी निर्धास्त.

इतकी वर्षं संसार केला आणि शेवटी माझं नाव आलं नाही. म्हणून मी ते बोलणं कुणाला दिलं नाही, जवळच दाबून ठेवलं. पण ते माझं नव्हतं. तुमचं होतं. घ्या.

गुडघ्याला जपा. उत्तर नाही लिहिलंत तरी चालेल.

तुमच्या जागी बसून त्याला निरोप दिलेली,
तुमची भावजय