होडी कुणी बुडवली

६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आजोबांची होडी बुडाली. घाबरू नकोस, मुलं सुखरूप आहेत. पलीकडच्या गावच्या शाळेची सहल आली होती. ओहोटीला खडकांवर नेऊन खेकडे, शंख, समुद्रफुलं सगळं दाखवलं. पण बेटावरची ही शेवटची शिडाची होडी नुसती छपराखाली बघून त्यांचं समाधान होईना. म्हणून मी आठ जणांना घेऊन धक्क्याजवळच फेरी मारायला निघाले. मध्येच बेकरीवाल्यांची मुलगी उठून उभी राहिली, होडी कलली नि पाणी भरलं. सगळ्यांच्या अंगात जाकिटं होती. शाळेलाही असंच कळवलंय.

किनाऱ्यावरचा माझा हा वर्ग आता बंद पडतो की काय, या काळजीने घास उतरत नाही. आईला सांगू नकोस. ती बॅग भरून येईल आणि मला समुद्राकडे पाठ करून बसवेल.

वहिनीला नमस्कार. आठवण असू दे.
तुझी चिमणी

११ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

मुलं वाचली, हे वाचून आधी खाली बसलो. आईला बोललो नाही, पण मी तोंड लपवून हिंडतोय हे तिच्या नजरेतून सुटलेलं नाही.

एक विचारू? एक पोर उभं राहिल्याने ती होडी कलत नाही. आजोबांनी तिच्यातून बैल नेलेत. फळ्यांच्या फटींत डांबरातलं सूत भरायला मी हिवाळ्यात येणार होतो, आलो नाही. तू फोनवर विचारलंस, तर इथूनच म्हणालो, चालेल, काही होत नाही. आणि म्हणे मी सुतार! कोरडी पडलेली फळी आकसते, हे का मला ठाऊक नव्हतं? कामावर रंधा हातात घ्यायची लाज वाटते आता.

तू मला एवढंच कळव, पाणी आधी आलं की मुलगी आधी उठली?

तुझाच,
दादा

१५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाणी आधी.

तिच्या पायाला ओलं लागलं म्हणून ती उठली. पाणी येतंय, असं तिने दोनदा सांगितलं. मी शिडाच्या गोष्टीत रंगले होते. वर तिलाच दटावलं, की खाली बस, मध्ये बोलू नकोस. मुलांना लाँचने पलीकडे गावच्या धक्क्यावर नेलं, तिथे पालक जमले होते, सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की ही उभी राहिली. ती ओल्या केसांनी माझ्यासमोरच उभी होती. तिच्या बाबांनी माझी माफी मागितली रे, आणि मी ती घेतली.

तेव्हापासून आरशात बघवत नाही.
चिमणी

१९ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

त्यांच्या घरी जा. पत्राने भागवू नकोस. मी रविवारी येतो. होडी चिखलातून काढायला दोर आणतो. तिकडे मात्र तू एकटीने जायचंस.

दादा

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू होडी ओढून वर ठेवून गेलास, त्यानंतर दोन दिवस धीर गोळा करण्यात गेले. मग मी पलीकडे त्यांच्याकडे गेले. बेकरीत गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोरच सांगितलं. तिचे बाबा पीठ लागलेले हात पुसत राहिले. तिच्या आईने मला बसायलाही सांगितलं नाही, बरंच केलं. मुलगी आतून आली. मला वाटलं, रडेल, नाहीतर चिडेल. तिने सरळ विचारलं, हे शाळेत येऊन सांगाल का? तिथे मला सगळे बुडवी म्हणतात.

काल सकाळी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेपुढे उभी राहिले. फटी कशा बुजवल्या नव्हत्या, तिने काय सांगितलं, मी काय केलं आणि नंतर काय खोटं बोलले, सगळं सांगितलं. मुख्याध्यापकबाई सावरायला म्हणाल्या, की टाळ्या वाजवा. एकानेही वाजवल्या नाहीत. ती मुलगी सबंध वेळ खिडकीबाहेर बघत होती.

मी बाहेर पडताना ती फाटकापर्यंत आली. म्हणाली, बेटावर मी परत येणार नाही, पण आता वर्गात माझ्या शेजारी कुणीतरी बसेल. आणि पळत आत गेली.

लोभ वाढावा असं लिहायला हात धजत नाही. आहे तेवढा राहू दे.
चिमणी