पडवीतली हातोडी

बाबा, गेल्या महिन्यात माळ्यावर एक जुनी कॅसेट सापडली. वर माझ्याच अक्षरात 'दहावीची सुट्टी, २०००'. लावली तर आधी कोंबडा, मग माझी गिटार आणि मागे तुमची हातोडी. मी टेप बंदच करणार होते, कारण ती दुपार मला पाठ आहे. पडवीभर पेंढा, हापूसचा वास, संध्याकाळी ट्रक येणार म्हणून पेट्यांची घाई, आणि मी शिकलेलं पहिलं अख्खं गाणं तुम्हाला ऐकवायला बसलेय. तुम्ही मान वर न करता ठोकताय. गाणं संपल्यावर म्हणालात, "गो बाय, पळतंस कशाला? कोण मागं लागलाय तुझ्या?" मी तडकले. "तुम्ही ऐकलंत कुठे? ठोकत तर बसला होतात!" गिटार उचलून आत गेले ती तुमच्यापुढे पुन्हा वाजवलीच नाही. पुढच्या हंगामाला तुम्ही नव्हतात.

तालात मी कच्ची हे नंतर सगळ्यांनीच सांगितलं, ते मी मुकाट्याने ऐकलं. पण आपल्याच माणसाने ऐकलं नाही, हे मात्र इतकी वर्षं सलत राहिलं. आणि आपण केवढ्याने ओरडलो, तेही.

या वेळी शेवटपर्यंत ऐकलं. खरंच पळतेय मी, दावं तुटलेल्या वासरासारखी. पण दुसऱ्या कडव्याला हातोडीही पळतेय! ती घाईने मला गाठते, चार ठोके बरोबर चालते, मग हळूहळू मागे खेचते. शेवटची ओळ आपण दोघं एकदम संपवतो. मी पुन्हा लावली. खिळा लाकडात शिरत जातो तसा आवाज बदलतो, हे मला कोणी सांगायला नको. टेपवर एकाही ठोक्याचा आवाज बदलत नाही. खिळा नाहीच तिथे, बाबा. ट्रक यायच्या घाईत तुम्ही माझ्यासाठी नुसती फळी ठोकत होतात.

मी भरपूर रडले, मग चहा केला. केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू!

हा कागद आता कॅसेटच्या डबीत घडी करून ठेवतेय. हल्ली सराव तुमच्या हातोडीवरच करते, हात बराच ठिकाणावर आलाय. फक्त दुसऱ्या कडव्याला अजून पळते, मुद्दाम. तिथे तुम्ही मला गाठायला येता.