पत्राला लागलेल्या मुंग्या

ता. ४ फेब्रुवारी

ती. आत्यास,

शि. सा. न. त्यातला साष्टांग कागदावरच मानून घे, कारण हल्ली वाकलं की गरगरतं. का ते पुढे येतंच आहे. आधी शिलाई मशीनवरचा पाय काढ, पाणी पी आणि मग वाच.

मी अजून त्याच बेकरीत आहे. खोटं वाटेल तुला. गोदाम सोडलं, रंगकाम सोडलं, लिफ्ट बसवणाऱ्याकडे तर पहिला डबा उघडायच्या आत सोडलं. तू म्हणायचीस, ह्या भोवऱ्याला दोरी गुंडाळणारा अजून जन्मायचाय. तर तो जन्मलाय, चांगला साठीचा आहे आणि भट्टीसमोर उभा असतो. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. पाव झाला की नाही हे ते डोळ्यांनी बघतच नाहीत. उलटा करून तळाला टिचकी मारतात आणि कान लावतात. पोकळ वाजला की झाला. मलाही आता ते ऐकू यायला लागलंय. उन्हाळा सरला की मिस्त्री लेकीकडे राहायला जाणार, आणि भट्टी मला द्यायची असं मालकीणबाईंच्या मनात आहे. आत्या, पहिल्यांदाच मला एक गोष्ट हवी आहे आणि ती एका जागी उभी आहे.

आता वाईट बातमी. सगळ्या कामगारांची तपासणी झाली आणि मला डायबेटिस निघाला. ह्या वयात! डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला आहे का. मी म्हटलं, बाबांना होता, ते त्यातच गेले, आणि ज्या आत्याने मला वाढवलं तिलाही आहे. बाबांनी मागे काही ठेवलं नाही असं लोक म्हणायचे. ठेवलं होतं की.

गोळी सुरू झाली आहे, साखर तपासायचं छोटं मशीनही मिळालंय. मालकीणबाई बोलायला फटकळ, पण मनाच्या वाईट नाहीत. त्यांचं म्हणणं, चक्कर येणारा माणूस मी भट्टीसमोर उभा करणार नाही. सकाळचा आकडा मला रोज दाखव, तो ताळ्यावर आला तर भट्टी तुझी, नाहीतर मी दुसरा बघते. म्हणून मशीन बेकरीतच ठेवलंय. पहाटे आलो की गरम बनांवर साखरेच्या पाकाचा ब्रश फिरवायचं काम माझं. ते झालं की न्याहारीची सुट्टी. तेव्हा उपाशीपोटीच बोट टोचतो, आणि आता तिथेच टेबलावर बसून तुला लिहितोय. आकडा दोनशेच्या खाली यायचं नावच घेत नाही. गोड चहा सोडला, बन सोडला, तरी तेच. न्याहारीला खाऊ तरी काय? तू इतकी वर्षं हे सांभाळतेस, तूच सांग. आणि तुझा सकाळचा आकडा किती येतो तेही कळव, म्हणजे मला काही अंदाज येईल.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
भोवरा


ता. १५ फेब्रुवारी

चि. भोवऱ्यास,

अ. उ. आ. त्यातला एक आशीर्वाद जास्तीचा धर, तो भट्टीसाठी.

तुझं पत्र वाचून टेबलावर ठेवलं आणि कात्री शोधायला गेले, तर परत येईपर्यंत त्याला मुंग्या! ओळीने चढत होत्या, जणू त्यांनाच लिहिलंयस. झटकून उन्हात ठेवलं. जन्मभर तुझ्या जिभेवर कडुनिंब, आणि आता शब्दांत एवढा गोडवा कुठून आला रे?

गमती पुरे. तुला साखर निघाली हे वाचून ते पत्र मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तुझा बाप, माझा भाऊ, मशीनकडे ढुंकून बघायचा नाही. म्हणायचा, आकडा बघितला की मनाला लागतं, न बघितला की काही नसतं. पायाची जखम चिघळली तेव्हासुद्धा बूट चावला म्हणत राहिला. तू तसलं करू नकोस. बोट टोचत जा, रोज.

न्याहारी बंद करायची नाही, नीट निवडायची. एक-दोन उकडलेली अंडी घे. नाहीतर रात्री भिजवलेलं कडधान्य वाफवून. सोबत काकडी, टोमॅटो. पाव खायचाच तर कोंड्यासकट पिठाचा आणि एकच काप, त्याच्याबरोबर अंडं असू दे, नुसता नको. ओट्स घेशील तर साधे घे. पाकिटावर फळांची चित्रं असतात त्यांत साखर लपलेली असते. फळाचा रस नको, फळ चावून खा. आणि खायच्या आधी एकदा, मग दोन तासांनी एकदा तपास, म्हणजे कुठलं खाणं तुला चढतं ते तुझं तुलाच कळेल. सगळ्यांना एकच माप बसत नाही, अंगरख्याचं तसंच न्याहारीचं.

माझं काय, चाललंय. शाळेचे गणवेश शिवायला आलेत, मान वर करायला फुरसत नाही. त्यातूनच वेळ काढून तुला एक एप्रन शिवलाय, सोबत पाठवते आहे.

माया आहे, ती पोचली की कळव.

तुझी,
आत्या


ता. २ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न. आज खरंच साष्टांग घातला होता, पण देवापुढे नाही, मैद्याच्या पोत्यापुढे.

ऐक. तुझं सगळं केलं. अंडी खाल्ली, कडधान्य खाल्लं, चित्र नसलेले ओट्स खाल्ले, ते तर भिंतीला पोस्टर चिकटवायच्या लायकीचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा तोच. दोन तासांनी बघितलं तरी तसाच. डॉक्टरांना आकडे दाखवले, त्यांनी गोळी वाढवली. तरी तोच! मग माझं डोकं फिरलं. म्हटलं न्याहारीच नको, खाल्लंच नाही तर चढेल कुठून. गोळी तेवढी घेत होतो. आज चौथा दिवस. ट्रे उचलायला गेलो, हात थरथरायला लागले, घामाने शर्ट भिजला, आणि मी पोत्यावर. मिस्त्रींनी उचलून बसवलं. कुणीतरी ओरडलं की ह्याची साखर चढली, पाणी मारा. मिस्त्रींनी कुणाचं ऐकलं नाही, म्हणाले पोराच्या पोटात काही नाही, आणि गोड चहा पाजून वर बन कोंबला तोंडात. थोड्या वेळाने मी टुणकन उभा. सगळे हसले. मालकीणबाई हसल्या नाहीत. आकडा विचारला. पडायच्या आधीचा, सकाळचा, दोनशे सत्तर होता. त्या म्हणाल्या, बघू पुढच्या महिन्यात, आणि दुकानात निघून गेल्या. आत्या, तो 'बघू' मला ओळखीचा आहे. इतक्या ठिकाणी ऐकलाय.

निघून जावंसं वाटतंय. बंदरावर माणसं घेतायत म्हणे. तिथे कुणी बोट टोचायला लावत नाही.

एप्रन मिळाला, छान उबदार आहे. खिशाची शिवण मात्र वाकडी गेलीय, जणू मीच शिवलाय. एका धाग्यासाठी अख्खी बाही उसवणारी तू! ग्राहकाला देशील का असलं? बरं, मिस्त्रींचा नियम आहे, ओला हात पिठाला लावायचा नाही, म्हणून कामाच्या मध्ये नळाला कुणी हात लावत नाही. सगळे एप्रनला पुसतात. तर तुझ्या एप्रनला माझे हात दिवसभर लागतात, एवढं समाधान मान.

तुझा आकडा लिहायला विसरलीस.

लोभ ठेव, निदान तू तरी 'बघू' म्हणू नकोस.

तुझा,
भोवरा


ता. ९ मार्च

चि. भोवऱ्यास,

आशीर्वाद नंतर. आधी उठ आणि काहीतरी खा. गोळी पोटात आणि पोट रिकामं, हे पुन्हा केलंस तर मी तिथे येऊन मिस्त्रींच्या हातातलं पाव काढायचं लाकडी फावडं घेईन. गोळीने साखर उतरते. खाल्लंच नाहीस तर ती उतरत उतरत तळाला जाते. घाम, थरथर, हे खाली गेल्याचं लक्षण. चढलेली असती तर गोड चहाने तू टुणकन उठला असतास का? मिस्त्रींचे पाय धर.

आता नीट वाच. ह्या पत्रालाही मुंग्या लागल्या. मागच्या वेळी मी हसले, ह्या वेळी हसता हसता थांबले. मुंगी काही कुणाचे शब्द वाचत नाही. कागद हाताला चिकट लागला. तुझ्या बोटांचे ठसे होते तिथेच मुंग्या, कोऱ्या जागेत एकही नाही. पाकाचा ब्रश फिरवतोस, एप्रनला हात पुसतोस, आणि त्याच बोटाला टोचून थेंब काढतोस. पाण्याने धुतल्याशिवाय पाक जातो का कधी? अरे, ते मशीन तुझ्या रक्ताची साखर सांगतच नाहीये, बनांची सांगतंय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. बोट राहिलं बाजूला आणि न्याहारी लटकली.

मला कळतंय ते शिंपिणीच्या अकलेचं, खरं-खोटं करायला डॉक्टर आहेत. पण एक सकाळ एवढं कर. आधी रोजच्यासारखं टोच. मग साबणाने हात धू, कोरडे पूस, आणि दुसऱ्या बोटाला टोच. दोन्ही आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा. आपल्या मनाने गोळी कमी-जास्त करायची नाही. बंदर कुठे पळून जात नाही, तू पळतोस.

अनेक उ. आ. आणि एक धपाटा.

तुझी,
आत्या


ता. २० मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न., आणि हा हात धुऊन केलेला नमस्कार आहे. वास घेऊन बघ, साबणाचा येईल.

आधीचं बोट, दोनशे पंचावन्न. धुतलेलं बोट, अठ्ठ्याण्णव. मी मशीन हातात धरून नळाजवळ उभा राहिलो, मग मोठ्याने हसलो, मग का कोण जाणे, डोळे भरून आले. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. नर्स म्हणाली, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं हात धुऊन घ्यायला. असेल, मला त्या दिवशी नुसती सुई दिसत होती. डॉक्टरांनी रक्त काढून पुन्हा तपासलं. डायबेटिस आहेच, तो काही पाकासारखा धुतला जाणार नाही. पण गोळी निम्मी केली, आणि न्याहारी चुकवायची नाही असं बजावलं. सध्या अंडी आणि कोंड्याच्या पावाचा एक काप, त्याने फारसं चढत नाही. वाफवलेलं कडधान्यही चालतं. एकदा केळं आणि गोड दही खाल्लं तर आकडा उड्या मारत वर गेला, हे आता मी तुझ्यासारखं छातीठोक सांगू शकतो.

मालकीणबाईंनी स्वतः समोर उभं राहून मला हात धुवायला लावले आणि आकडा बघितला. तो वहीत टिपून घेतला. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी मला हाक मारून सांगितलं, न्याहारी झाली असेल तर भट्टीचं दार तू उघड. अजून माझी नाही झाली, पण दार उघडलं मी. जो लोट येतो ना अंगावर, आत्या, त्यात भुवया करपल्या आणि मी हललो नाही.

आता तुझं. पहिल्या पत्रात तुझा आकडा विचारला, तू गणवेश लिहिलेस. दुसऱ्यांदा विचारला, तू धपाटा लिहिलास. मी चार बुकं शिकलो नाही, पण माझ्या पत्राच्या मुंग्या तुला दिसतात तर तुझ्या एप्रनची वाकडी शिवण मला दिसू नये का? तुझा हात चुकणारा नाही. मग डोळा चुकतोय. अंधुक दिसतं का तुला? साखर चढली की तसं होतं, हे डॉक्टरांना विचारूनच लिहितोय. तू शेवटचं बोट कधी टोचलंस? बाबांबद्दल एवढं लिहिलंस, बहीण मात्र भावाच्याच वळणावर गेली. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

रागावलीस तरी चालेल. आकडा हवा. नाही आला तर मी भट्टी सोडून गाडीत बसतो, आणि तुला ठाऊक आहे, निघून जायला मला वेळ लागत नाही.

लोभ असेल तर आकडा पाठव.

तुझा,
भोवरा


ता. ३१ मार्च

चि. भोवऱ्यास,

अ. उ. आ. भट्टी सोडून यायचं नाही. दारातून आत घेणार नाही.

रागावले होते. पत्र दोन दिवस बटणांच्या डब्याखाली ठेवलं. शाळेच्या बाईंनी एक गणवेश परत आणून दिला, काज आणि बटण एका रेषेत नव्हती, तेव्हा तुझं पत्र पुन्हा काढलं.

माझं मशीन शिलाईच्या खणात, उरलेल्या चिंध्यांखाली होतं. सेल संपलेला, पट्ट्यांची तारीख उलटलेली. यावरून काय ते समज. जन्मभर सुया टोचून घेतलेली बाई मी, सुईला कसली भिते? भीती तिच्यानंतर दिसणाऱ्या आकड्याची. तुझा बाप म्हणायचा ना, न बघितला की काही नसतं. मी त्याला हसायचे आणि खण बंद करायचे.

औषधवाल्याकडून नवीन पट्ट्या आणल्या. हात धुतले, दोनदा. तीनशे चार. तिसऱ्यांदा धुऊन पाहिलं, तरी तेवढाच. माझ्या बोटाला पाक नव्हता रे.

डॉक्टरांनी औषध बदललंय. साखर खाली आली की अंधुक दिसणं बरंचसं निवळेल म्हणाल्या, तरी डोळ्यांची तपासणी सांगितली आहे, परवा जाते. न्याहारीला काय घेता विचारलं, तेव्हा मान खाली घालून सांगितलं, साखरेच्या चहात बुडवून टोस्ट, दोन, कधी चार. आता अंडं उकडते. तुझी न्याहारीची सुट्टी होते त्याच वेळी मीही बसते. एकटीने टोचताना हात मागे येतो, तू तिकडे टोचतोयस म्हटलं की येत नाही.

आजचा दोनशे सोळा. उतरतोय. तुझा लिही, आणि भट्टी मिळाली की पहिल्या पावाला टिचकी मारून कसा वाजला तेही लिही. एप्रन परत पाठव, शिवण उसवून सरळ घालून देते. पण आत्ता नाही, नीट दिसायला लागल्यावर.

तुझ्या ह्या पत्राला एकही मुंगी आली नाही. टेबलावर मुद्दाम ठेवून बघितलं. बरं वाटलं, आणि जरा चुकल्यासारखंही.

माया असू दे, आकड्यासकट.

तुझी,
आत्या