बाळासोबत आजीला आणावे

मी, डॉ. रोहिणी मोहनराव शेजूळ, वय अडुसष्ट, व्यवसाय लहान मुलांचा दवाखाना, राहणार तेलगाव, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्या दडपणाखाली न येता लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. बाळाच्या वजनावरून तापाच्या औषधाचा डोस मी आजही मनातल्या मनात काढते. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पण तो वेगळा विषय. येत्या बुधवारी संभाजीनगरला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. सर्जन हुशार आहे आणि मी घरी परत येईन अशी माझी खात्री आहे. तरी आयाबायांना सावध राहायला सांगायचं आणि आपण बेसावध राहायचं, हे मला पटत नाही.

घरादाराची मला चिंता नाही. चिंता एकच आहे. माझ्यामागे हा दवाखाना उघडा राहील का, हे मला आज माहीत नाही.

१. राहतं घर माझे पती मोहनराव यांच्याकडे त्यांच्या हयातीपर्यंत राहील व त्यानंतर मुलगा रामेश्वर याच्याकडे जाईल. मोहनरावांना एक अट आहे. नात आरोही जेवत असताना तिच्या हातात मोबाईल द्यायचा नाही. "अगं, त्याशिवाय घासच घेत न्हाई ती," असं ते म्हणतात. भूक लागली की घेते. नाही घेतला तर ताट उचलावं, पुढच्या जेवणाला बघावं. ही अट कोर्टात टिकणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून ती माझ्या शब्दाखातर पाळावी.

२. शेत रामेश्वरला. बँकेतली ठेव अर्धी त्याला, अर्धी आरोहीच्या शिक्षणाला.

३. माझ्या सासूबाई कै. केशरबाई यांच्या सोन्याच्या पाटल्या आरोहीला. त्यांच्याशी झालेलं भांडण मात्र मी कुणाला वारसा म्हणून देत नाही.

भांडण असं, की रामेश्वर जन्मला तेव्हा पहिलं घट्ट दूध, म्हणजे चीक, पिळून फेकायचा आणि तीन दिवस बाळाला मध चाटवायचा, अशी या घरची रीत होती. मी ऐकलं नाही. जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर घेतलं. सासूबाई सगळ्या आळीत सांगत सुटल्या, "डाक्टरीन झाली म्हून आईपन येतं व्हय?" महिनाभर माझ्याशी अबोला. फार रडले मी तेव्हा. रागही आला, आणि तो बरीच वर्षं टिकला.

पण त्या रागातूनच मला कामाची पद्धत सापडली. मी सुनांना समजावून सांगायचे, त्या माना डोलवायच्या आणि घरी जाऊन सासू म्हणेल तेच करायच्या. शिवाय आमच्याकडची निम्मी गावं दसरा झाला की ऊसतोडीला जातात. पोराची आई पहाटेच कोयता घेऊन फडात उतरते. मागे कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, बाळ असतं आजीच्या मांडीवर. मग मी आईला सांगून काय उपयोग? म्हणून दारावर पाटी लावली, "बाळासोबत आजीला आणावे". टेबलासमोरची खुर्ची आजीची. सांगायचं ते आजीला, आणि तिने ते मला परत म्हणून दाखवायचं.

सुरुवातीला दगडाबाई नावाच्या आजी या खुर्चीतून माझ्यावर कडाडल्या, "आमी काय अशीच पोरं वाढवली व्हय?" ओसरीवर बसलेल्या केशरबाई उठून आत आल्या आणि म्हणाल्या, "गप बस, दगडे! माज्या नातवाला चीकच पाजला व्हता म्या. बघ कसा दांडगा झालाय." सगळं श्रेय त्यांनी घेतलं. मी खुशाल घेऊ दिलं. त्या दिवसापासून आमचं बरं जमलं.

४. दवाखान्याची इमारत, पाटी, खुर्ची आणि आतलं सामान माझ्या मृत्यूनंतर माझी सून डॉ. मनिषा रामेश्वर शेजूळ हिला द्यावं. रामेश्वरचं म्हणणं, "आई, रोड टच जागा हाय, गाळे काढू." तो वाईट मुलगा नाही, त्याला मी दमलेली बघवत नाही. पण गाळे काढायला तेलगावात जागेचा दुष्काळ नाही. मनिषा बालरोगतज्ज्ञ आहे, सध्या बीडला नोकरी करते, आणि तिला पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलचं बोलावणं आहे. तिच्यावर माझी सक्ती नाही. तिने नको म्हटलं तर इमारत अंगणवाडीला द्यावी, पण पाडू नये.

५. दवाखाना जो कुणी चालवील त्याने आज्यांना पुढील गोष्टी न चुकता सांगाव्यात. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही, घुटी तर नाहीच. वर्षाच्या आत मध नाही. डोळ्यात काजळ नाही. दृष्ट लागेल म्हणून वाटत असेल तर तळपायाला तीट लावावी, तिथे माझी हरकत नाही. सहा महिन्यांनंतर घट्ट वरणभात तेलतूप घालून, पातळ पाणी नव्हे. जुलाब लागले तर पाणी तोडू नये, ओआरएस घोटघोट पाजावं, दूध चालू ठेवावं. ताप आला तर बाळाला गोधडीत गुंडाळू नये. बाळ दूध ओढेनासं झालं, सुस्त पडलं किंवा श्वास घेताना छाती आत ओढू लागलं, तर कुणाच्याही अंगाऱ्याची वाट न बघता सरळ दवाखाना गाठावा. लसीचं कार्ड ऊसतोडीच्या टोळीबरोबर जावं, पत्र्याच्या पेटीत घरी राहू नये.

मनिषा म्हणते, बापालाही समोर बसवा. बसव बाई. मला ते सुचलं नाही.

६. माझ्यासाठी तेराव्याचं मोठं जेवण घालू नये.

स्थळ तेलगाव, दिनांक ५ ऑक्टोबर २०२५.

सही: रोहिणी मो. शेजूळ

दुरुस्ती, त्याच दिवशी, साक्षीदारांसमोर: वरील मजकूर सर्वांना वाचून दाखवला. कलम चार ऐकून मनिषाने मला थांबवलं. म्हणाली, "आई, मेल्यावर कावून देता? टोळ्या आत्ता निघायल्यात. पुण्याला मी परवाच न्हाई म्हून सांगितलंय, बीडची नोकरीबी सोडते. बुधवारी तुमी टेबलावर असताल तवा हितं कुनी बसायचं? उद्यापासून मी बसते." रामेश्वरने उठून दवाखान्याची किल्ली तिच्या हातात दिली. सबब कलम चारमधील "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द मी स्वहस्ते खोडले असून बाजूला सही केली आहे. दवाखाना आजपासून तिचा.

सही: रोहिणी मो. शेजूळ

साक्षीदार:
१. बद्रीनाथ लगड, औषध दुकानदार, तेलगाव
२. भिवराबाई घोलप, सेवानिवृत्त परिचारिका, तेलगाव