हळदीच्या बाकीच्या अकरा ओळी

आई, गेल्या महिन्यात मी भर सभेत उठले आणि आमच्या विभागप्रमुखांना खोडून काढलं. तू असतीस तर पदर तोंडाला लावून म्हणाली असतीस, "गप बस की गं, मोठ्या मानसाला असं बोलत्यात व्हय." तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. तरी त्या दिवशी बोलताना मला सारखं वाटत होतं, की मी तुझ्यावरच ओरडतेय.

मी काय काम करते हे तुला कधी सांगताच आलं नाही. तू होतीस तेव्हा मी साताऱ्याला होस्टेलवर राहून औषधशास्त्राचं पहिलं वर्ष शिकत होते. आता सांगते. शरीरात एन्झाइमं असतात, प्रत्येकाला काम नेमून दिलेलं, आणि त्यांची घराणी असतात. एकेका घराण्यात ढीगभर भावंडं. त्यातलं एखादं बिघडतं आणि पेशींना वाढा, वाढा म्हणत सुटतं. काही कॅन्सर असे होतात. त्याच्या अंगात एक खळगा असतो. औषधाचा रेणू तिथं जाऊन बसला की ते गप्प होतं. अडचण अशी, की सगळ्या भावंडांचे खळगे जवळजवळ सारखेच, आणि औषध भलत्याच भावंडात बसलं तर हृदय नाहीतर यकृत भोगतं. म्हणून आम्ही आधी संगणकात बघतो. रेणू एकेका खळग्यात बसवायचा, मग भोवती पाणी सोडायचं, सगळं हलू द्यायचं, आणि तो कुठं टिकतो, कुठून निसटतो ते मोजायचं. नेमक्या एकात टिकला आणि बाकीच्यांतून निसटला, तर पुढची गोष्ट.

कडेगावची एक मुलगी माझ्या हाताखाली शिकते. तिनं हळदीतलं पिवळं द्रव्य अशा बारा भावंडांत बसवून बघितलं. पहिल्या झटपट मोजणीत ते बाराही ठिकाणी छान बसलं आणि ती हरखून माझ्याकडं आली. मी म्हटलं, जे सगळीकडं बसतं त्याला कुणाची निवड करता येत नाही, आता हलवून बघ. हलवल्यावर ते बहुतेक खळग्यांतून निसटलं, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता त्यातूनसुद्धा. तिनं बारा ओळींचा तक्ता केला, दोन्ही मोजण्या लिहिल्या, काही लपवलं नाही. विभागप्रमुखांनी त्यातली एक ओळ उचलली, तीही पहिल्या मोजणीची.

ती सभा सांगलीतच होती. हळदीचे व्यापारी पुढच्या खुर्च्यांवर, वार्ताहर कडेला, आणि शोभेला म्हणून वखारीत हळकुंडं निवडणाऱ्या दहा-बारा बायका पिवळ्या साड्या नेसवून मागं बसवलेल्या. ती एक ओळ पडद्यावर आली. आपली हळद कॅन्सरच्या एन्झाइमवर नेमकी जाऊन बसते, संगणकानं सिद्ध झालंय, असं विभागप्रमुख साहेब म्हणाले आणि टाळ्या पडल्या. माझी विद्यार्थिनी खाली मान घालून बसली होती. मी आदल्या दिवशी त्यांना केबिनमध्ये जाऊन सांगितलं होतं, की हे खोटं आहे. ते म्हणाले होते, बाकीच्या ओळी लोकांना कळणार नाहीत. तेव्हा मी गप्प बसले. त्या दिवशीही बसले असते. पण मागून त्या बायकांतली एक उठली. हात जोडून म्हणाली, "सायेब, माझ्या जावंला लय तरास हाय. मिरजंला इंजेक्शनं चाललीत, तिला सोसंना झालीत. ती थांबवून हळद दिली तर चालंल न्हवं?"

आणि ते हसले. हळदीनं कुणाचं वाईट झालंय का, म्हणाले.

मग माझं मला कळलं नाही. मी उभी राहिले आणि त्या बाईकडं बघून म्हणाले, "मावशी, इंजेक्शन एकही चुकवू नका. हळदीनं कॅन्सर जातो असं आमच्या कामात कुठंही निघालेलं नाही. ह्या तक्त्यात बारा ओळी होत्या, तुम्हाला एक दाखवली." साहेब म्हणाले, मॅडम, हे आत बोलू. मी म्हटलं, आत बोलून झालंय.

त्याचं पुढं काय झालं विचारशील. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं ते साहेबांचंच. मी कुठं नव्हतेच. माझे तास दुसऱ्यांना दिलेत. बारा ओळींचा तक्ता त्या मुलीनं एका छोट्या परिषदेत मांडला, कुणी टाळी वाजवली नाही. त्या मावशींना मी माझा नंबर दिला होता. त्यांचा फोन आला, जाऊबाई पुढच्या इंजेक्शनला गेल्या. एवढंच. त्या जगतील का, मला माहीत नाही.

मला साहेबांचा राग येतो, पेपरवाल्यांचा येतो, आणि आई, तुझा येतो. तुझे ब्लाऊज कायम पिवळे. कुपवाडच्या वखारीत दिवसभर हळद निवडणारी बाई, तिच्या कपड्यांवर डाग असणारच. छातीपाशी जास्त गडद डाग दिसला तेव्हा मी विचारलं, आणि तू म्हणालीस, "कामावरचं हाय ते." सहा-सात महिने तू छातीतल्या गाठीवर गरम लेप बांधत होतीस, गुळात हळदीच्या गोळ्या करून खात होतीस, रोज माझ्यासमोर वावरत होतीस सुट्टीत, आणि कामावरचं हाय. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, इतके दिवस काय करत होता? तुझ्यापेक्षा त्यांचाच राग आला तेव्हा.

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून लिहिते. तुला गाठ लागली होती पण तू अजून कुणाला बोलली नव्हतीस, त्या दिवाळीत मी घरी आले होते. शेजारच्या बायका बसल्या होत्या आणि मला शिकलेलं मिरवायचं होतं. हळदीनं काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मरतात, असं मी सांगितलं. बशीतलं मी म्हटलंही नसेन. तू भाकरी थापत होतीस. हात थांबवून विचारलंस, "खरं व्हय?" बायका गेल्यावर पुन्हा विचारलंस. मला वाटलं, लेक शिकतेय म्हणून तुला कौतुक वाटतंय. मी दोन्ही वेळा हो म्हणाले.