दिनूची मंगळवारची जीप

दूधविनायक, मंगळवार, श्रावण १९९६

आजही मैदागिनच्या चौकात दिनूची जीप उभी होती आणि माझा दिवस नासला. इतकी वर्षं घरांची दलाली करतोय मी. सारनाथकडच्या नव्या कॉलनीतली घरं खपवायला बोर्ड रंगवले, पर्चे वाटले. नळ, वीज, रस्ता सगळं लोकांना पटायचं, पण घरातल्या म्हाताऱ्या अडून बसायच्या. "एवढ्या लांबून मंगलागौरीच्या दर्शनाला यायचं कसं?" मी हसण्यावारी न्यायचो.

दिनू कालपरवा या धंद्यात आला आणि त्यानं सरळ जीपच लावली. कॉलनीतल्या बायकांना दर मंगळवारी देवीला आणायचं आणि परत सोडायचं, तेही फुकट. आता गिऱ्हाइकं त्याच्या दारात. ही जीप मला का नाही सुचली? म्हाताऱ्यांचं रडगाणं त्याच्याआधी मीच ऐकलं होतं ना?

संध्याकाळी आई उशिरा घरी आली. कुठे होतीस विचारलं, तर म्हणाली, "देवळाबाहेर दिनू भेटला. म्हणाला, काकू, बसा जीपमध्ये, कॉलनी बघून या."

"आणि तू गेलीस?"

"गेले की. एकदम खुली जागा आहे रे. जिने नाहीत, माझ्या गुडघ्यांना बरं. तू कधी नेलं नाहीस."

मी जेवायला बसलो. चेहरा तसाच ठेवला, निदान मला तसं वाटलं.

मग तीच म्हणाली, "कोपऱ्यावरचं एक मकान दिनूकडे शिल्लक आहे म्हणे. त्याच्याशी मी बोलू, की तू बोलतोस?"

"मी बोलतो," म्हणालो.