कै. धुरपदाबाई स्मृती नागरिक शिक्षण वर्ग

एरंडोल, रविवार ३ नोव्हेंबर १९६८
आजपासून नियमित रोजनिशी. शोक आवरता घेतला. खरे तर फारसा झालाच नव्हता. पत्नी धुरपदा दसऱ्याआधी गेली आणि चौथ्या दिवशी मी शाळेत नागरिकशास्त्राचा तास घेतला. सांत्वनाला कोणी दारावर बसायला येऊ नये, असे गावात कळवले होते. कडीही लावून ठेवली होती. रडून देश पुढे जात नाही.
प्रौढांच्या नागरिक शिक्षण वर्गांना सरकारी अनुदान मिळणार आहे. अर्ज करणार.
समोरच्या भागाबाईने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी पाठवली. वेळ नाही म्हणून परत केली.

६ नोव्हेंबर
वर्गाला धुरपदाचे नाव दिले. कोणाचे तरी द्यावेच लागते. वर्ग चालवणाऱ्या आमच्या मंडळाचे खजिनदार घेवरचंदभाऊ कापडवाले म्हणाले, "मास्तर, एखाद्या पुढाऱ्याचं द्या, अनुदान लवकर निघेल." नाही म्हटले. कारण पूर्णपणे तात्त्विक आहे. ते नंतर लिहीन.

९ नोव्हेंबर
जळगावला जाऊन बाविस्करसाहेबांना भेटलो. अनुदान त्यांच्याच हातात आहे. नुसत्या भाषणाला ते मिळत नाही. लोकांनी प्रश्न विचारायचे, वक्त्याने उत्तरे द्यायची. साहेब स्वतः येऊन बघणार.
सोपे आहे. लोकशाही एरंडोलपासून सुरू होईल, असे परतीच्या एसटीत वाटले. पाळधीपर्यंत उभा होतो, तरी वाटले.

१६ नोव्हेंबर
वाचनालयाचा हॉल आयत्या वेळी लग्नाला दिला. वर्ग माझ्या अंगणात घेणार. सतरंज्या मागवल्या. स्टुलावर धुरपदाचा फोटो ठेवला, हार घातला, उदबत्तीची सोय केली. घेवरचंदभाऊ हाराकडे बघून म्हणाले, "मास्तर, हे बरोबर दिसतंय का?" म्हटले, फोटो चांगलाच आलाय, पद्मालयाच्या जत्रेतला आहे.
प्रश्नांची चिंता नाही. आमच्या गल्लीत गप्प बसणारा एकटा मीच.

रविवार १७ नोव्हेंबर, सकाळी ८
तुफान गर्दी! अंगण भरून लोक ओट्यावर बसलेत. नागरिक जागा झाला.

रात्री
विषय 'नगरपालिका कोणाची?' पाऊण तास बोललो. पुरुष माना खाली घालून, बायका पदर पुढे ओढून बसल्या होत्या. चहा फिरवला, एकानेही घेतला नाही. "प्रश्न विचारा," म्हटले. एकही हात वर आला नाही. नळाच्या पाण्यावरून रोज गल्ली डोक्यावर घेणारा कय्युम टेलरसुद्धा सतरंजीकडे बघत होता. घरपट्टीचा मुद्दा आला तेव्हा मागे एका बाईला हुंदका आला. विवेचन परिणामकारक झाले असावे.
शेवटी भागाबाई उठली. पुढे बसलेल्या बाविस्करसाहेबांनी पेनचे टोपण काढले.
"नाना, तुम्ही दोन येळ जेवतस ना?"
प्रश्न विषयाला धरून नव्हता. तरी उत्तर द्यायला तोंड उघडले. तेवढ्यात उदबत्तीचा धूर डोळ्यांत गेला. बराच गेला.
मग लोक एकेक करून उठले. 'येतो' कोणी म्हणाले नाही. सुतकाच्या घरातून उठतात तसे, मागे न बघता गेले. साहेबही तसेच गेले.
सतरंज्या गुंडाळताना घेवरचंदभाऊ म्हणाले, "दीड महिना गाव थांबलं होतं, मास्तर. आज तुमचं दार उघडं दिसलं."
उदबत्ती हलक्या प्रतीची होती. दुकानदाराला सांगितले पाहिजे.

२ डिसेंबर
अनुदान नामंजूर. साहेबांचा शेरा: 'श्रोत्यांनी एक प्रश्न विचारला. वक्त्यास उत्तर देता आले नाही.'
उघड अन्याय आहे. अपील करणार. अपिलाला भागाबाईच्या प्रश्नाचे उत्तर जोडावे लागेल. खरे जोडले तर अपील टिकायचे नाही.
संध्याकाळी भागाबाईने भाकरी पाठवली. आज वेळ होता.